खंड्याच्या वजनाची माती

तिबोटी खंड्याचं वजन चौदा ते वीस ग्रॅम भरतं. तेवढ्याच वजनाची ओली माती चहाच्या दोन-तीन चमच्यांत मावते. आमच्या रायगड जिल्ह्यात जुलै उजाडला की या पक्ष्यासाठी मुंबई-पुण्याहून गाड्याच्या गाड्या येतात आणि माती त्यांच्या टायरांना लागून फुकट परत जाते. या दोघांची, म्हणजे तिबोटी खंड्याची आणि मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जीवाणूची, तुलना मला करायची आहे. मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकते. तालुक्याच्या कॉलेजात आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि पक्षी बघायला लागले ते निवृत्तीनंतर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. तेव्हा माझं माहेर कुठलं आणि सासर कुठलं, हे वाचकांनी ओळखावं.

पक्ष्याबद्दल तक्रार नाही. एवढासा जीव, चोचीसकट जेमतेम तेरा सेंटिमीटर. पोट पिवळं-केशरी, पाठीवर निळा-काळा रंग, कंबरेवर जांभळी झाक, चोच आणि पाय लालभडक. पायाला बोटं तीनच. जून ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा हंगाम. पहिला दमदार पाऊस पडला की कोकणातल्या सावलीच्या ओहळांवर तो हजर होतो. येताना रात्रीचा प्रवास करतो आणि दरवर्षी काही जण इमारतींच्या काचांवर आपटून खाली पडतात. मग पेपरात पुठ्ठ्याच्या खोक्यात बसलेल्या खंड्याचा फोटो येतो.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या लोकांना तिबोटी दाखवतो. बी.एस्सी.ला मायक्रो घेतलं होतं, नोकरी लागली नाही. आता ओहळाकाठी हिरवं कापड लावून ‘हाइड’ बांधतो आणि माणशी पैसे घेतो. पोरगा नियमाने वागतो: रेकॉर्ड केलेला कॉल वाजवू देत नाही, फोटो ‘क्लीन’ यावा म्हणून घरट्यापुढच्या वेली तोडू देत नाही. सगळीकडे असं नसतं, हे तोच सांगतो. गेल्या पावसाळ्यात मलाही त्याने कापडामागे बसवलं. “मॅडम, तुमच्याकडून पैसे नाही घेणार, पण बोलायचं नाही हं,” असा दम देऊन. आयुष्यभर मी त्याला हेच सांगत आले होते.

बसल्यावर जे दिसलं, ते खरंच बघण्यासारखं होतं. ओहळाच्या उभ्या दरडीत मुठीएवढंसुद्धा नसेल असं भोक. नर-मादी दोघं मिळून चोचीने खोदतात आणि पायांनी माती मागे लोटतात. बोगदा कधीकधी मीटरभर आत जातो आणि टोकाला अंड्यांची खोली. चार-पाच अंडी, साधारण सतरा दिवस उबवणं. आत पिल्लं होती, कारण आईबापांपैकी कुणीतरी (दोघं सारखेच दिसतात) एक सापसुरळी घेऊन आलं. ती जवळजवळ पक्ष्याएवढीच लांब. पक्ष्याने ती फांदीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी आपटली, हाडं मऊ होईपर्यंत. मग चोचीतल्या चोचीत फिरवून तिचं डोकं बाहेरच्या बाजूला केलं. खंड्याला स्वतः खायचं असेल तर भक्ष्याचं डोकं त्याच्या घशाकडे असतं. पिल्लाला भरवायचं असेल तर ते बाहेर, म्हणजे पिल्लाच्या घशात डोकं आधी जातं आणि पाय-खवले अडकत नाहीत. सापसुरळीचं तोंड कुठल्या दिशेला आहे यावरून घरात पिल्लं आहेत हे कळतं. शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या कॅमेऱ्याची धडधड तेवढ्यात सुरू झाली आणि संपलीसुद्धा. पक्षी आत जाऊन बाहेर पडला होता.

त्या गृहस्थांनी मला स्क्रीन दाखवला. सुंदर फोटो होता, पिसन् पीस मोजता येईल असा. दरड मात्र मागे धूसर झालेली. फोटोग्राफीत ती धूसर करायचीच असते म्हणे, त्यासाठी महागड्या लेन्सा असतात. माझं म्हणणं त्या धूसर झालेल्या भागाबद्दल आहे.

खंड्याचं घर स्वच्छ नसतं, हे फोटोत कळत नाही. पिल्लं बोगद्याच्या तोंडाकडे शेपूट करून शिटतात. आत खेकड्यांचे तुकडे, किड्यांच्या पाठी, सापसुरळ्यांची हाडं यांचा खच पडतो. पाहुण्यांना आत बोलावता येईल असलं हे बाळंतिणीचं घर नव्हे. सप्टेंबरात पक्षी निघून गेल्यावर हा पसारा कोण आवरतं? खेकड्याची पाठ आणि किड्याचं कवच ज्या चिवट द्रव्याचं असतं, ते किटिन पचवणं सोपं नाही. मातीतले जे जीवाणू हे काम मनापासून करतात, त्यांत स्ट्रेप्टोमायसिस अग्रभागी आहे.

आता माहेरची ओळख करून देते.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ही मुलांना घरून चिमूटभर माती आणायला सांगायचो. कोणी भाताच्या खाचरातली आणायचं, कोणी तुळशीवृंदावनातली. ती पाण्यात कालवायची, दहापट-दहापट पातळ करत जायची आणि स्टार्च-केसीन आगरच्या बशीवर पसरायची. बाकीचे जीवाणू एका रात्रीत उगवतात, चिकट थेंबांसारखे चकाकतात. स्ट्रेप्टोमायसिस आठवडा लावतो. मुलं कंटाळून बश्या धुवायला निघतात तेव्हा कुठे बशीवर कोरडे, पांढरट-राखाडी, खडूची भुकटी शिंपडल्यासारखे ठिपके दिसायला लागतात. तारेच्या कडीने उचलायला जावं तर ठिपका हलत नाही, आगरमध्ये मुळं रोवून बसलेला असतो आणि शेवटी टवका निघावा तसा निघतो. आणि झाकण उघडलं की वास येतो. दरवर्षी कोणीतरी ओरडायचंच, “मॅडम, पावसाचा वास!”

तो वास या जीवाणूचाच. त्यातल्या मुख्य द्रव्याला जिऑस्मिन म्हणतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातल्या नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिये यांनी १९६५ साली ते वेगळं करून त्याला नाव दिलं. आपल्या नाकाला ते अब्जांश भागापेक्षाही कमी प्रमाणात कळतं. जीवाणू हा वास आपल्यासाठी सोडत नाही, हे उघड आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार मातीतले स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारीक जीव या वासाने खेचले जातात. ते स्ट्रेप्टोमायसिस खातात आणि त्याचे बीजाणू अंगाला चिकटवून, पोटातून वाहून दुसरीकडे नेतात. वास हे आमंत्रण आहे आणि पाहुणा हाच टपालवाला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर नाकाला जे कळतं, ते या व्यवहारातलं आपल्याकडे चुकून आलेलं पत्र.

म्हणजे तिबोटी खंड्या आणि स्ट्रेप्टोमायसिस, दोघंही आपल्या ध्यानात येतात ते एकाच आठवड्यात. एक डोळ्यांना, एक नाकाला. फरक एवढाच की एकासाठी लोक रजा टाकतात.

स्ट्रेप्टोमायसिसचं आयुष्य मला खंड्याच्या आयुष्यापेक्षा कमी नाट्यमय वाटलेलं नाही. तो इतर जीवाणूंसारखा एकेकटा गोळी किंवा कांडी होऊन राहत नाही. धाग्याधाग्यांनी मातीत पसरतो. धागा जाडीला मिलिमीटरचा हजारावा भाग. या राहणीमुळे पूर्वी त्याला बुरशीच समजत असत. अन्न संपत आलं की जाळ्यातून काही धागे वर हवेत उठतात आणि त्यांच्या टोकाला बीजाणूंच्या माळा धरतात. हे वरचे धागे वाढायला अन्न कुठून येतं? खालचं जुनं शरीर स्वतःला विरघळवून ते पुरवतं. आणि नेमक्या याच वेळी तो आपली प्रतिजैविकं सोडतो. कारण काय, यावर वाद आहेत. एक मांडणी अशी की स्वतःचं अंग विरघळत असताना आजूबाजूचे फुकटे जेवायला धावतात, त्यांना दूर ठेवायला हा विषाचा पहारा. ओहळावरचे आईबाप दिवसभर सापसुरळ्या वाहून पिल्लं वाढवतात. इथे आईबापच ताटात वाढले जातात.

“पण बाई, पक्षी तो पक्षी. केवढा गुंतागुंतीचा जीव!” असं कोणी म्हणालं की मी जनुकांचा हिशेब काढते. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जातीचा संपूर्ण जनुकसंच २००२ साली वाचून झाला. त्यात ७,८२५ जनुकं निघाली. पक्ष्यांच्या जनुकसंचाची लांबी शंभर कोटी अक्षरांच्या घरात, या जीवाणूच्या शंभरपट आणि वर. पण प्रथिनं बनवणारी जनुकं मोजली तर पक्ष्यांत ती पंधरा-सोळा हजारांच्या आसपास भरतात. पंख, डोळे, मेंदू, स्थलांतराची दिशा, सापसुरळी फिरवण्याची अक्कल हे सगळं धरून पक्षी जेमतेम दुप्पट. आणि हा मातीत बसलेला गडी आपल्या वाट्याच्या जनुकांतून रसायनांचा अख्खा कारखाना चालवतो.

आणखी एक फरक मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. तिबोटी खंड्याला लिनियसने १७५८ साली शास्त्रीय नाव दिलं. पक्ष्याच्या जातीची ओळख पटवायची तर संग्रहालयात जायचं, तिथे खणात कापूस भरलेले मेलेले पक्षी पायाला चिठ्ठी बांधून उताणे ठेवलेले असतात. जीवाणूंचा कायदा उलटा आहे. नव्या जातीला नाव हवं असेल तर तिचा नमुना जिवंत लागतो, आणि तोही दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा करावा लागतो. म्हणजे पक्ष्याच्या नावाचा साक्षीदार मेलेला चालतो, जीवाणूच्या नावाचा साक्षीदार श्वास घेत असला पाहिजे. तरीही ‘वन्यजीव’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे दुसरा येत नाही.

कारण उघड आहे. चित्र. किंगफिशर बिअरची बाटली बघा. (मी बघितली आहे, घाबरू नका. भाच्याच्या लग्नानंतरच्या सकाळी अंगण झाडताना.) बाटलीवर चित्र खंड्याचं. खंड्याने त्या बिअरसाठी काय केलं? काडीचंही नाही. आतलं सगळं काम यीस्टचं. ते जीवाणू नव्हे, बुरशीच्या गोतातलं, पण तितकंच अदृश्य. बार्लीतली साखर खाऊन दारू आणि फेस बनवायचा त्याने आणि लेबलावर निळे पंख पसरून मिरवायचं दुसऱ्याने. सगळ्या समाजाचा कारभार असा चालतो की काय, या विषयात मी शिरत नाही.

स्ट्रेप्टोमायसिसने माणसासाठी काय केलं, हे मला पुस्तकाआधी घरात कळलं. माझी एक आत्या पन्नासच्या दशकात मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये होती. क्षय. तिच्याआधी घरातली दोन माणसं त्याच आजाराने गेली होती, त्यामुळे आजीने तिचे दागिने वाटूनही टाकले होते म्हणतात. आत्या परत आली. महिनोन् महिने स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेऊन आली, आणि थोडं बहिरेपण घेऊन आली, कारण ते औषध कानाच्या आतल्या नसांना बाधतं. नंतर ती ऐंशीच्या पुढे जगली. आम्ही तिच्याशी ओरडून बोलायचो आणि ती आमच्याशी कुजबुजायची. दागिने मात्र तिला परत मिळाले नाहीत.

ती सुई जिच्यातून आली, ती गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, तळघरातल्या खोलीत, १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी मातीतले जीवाणू चाळत होता. क्षयाचे जिवंत जंतू हाताळायचे म्हणून काम तळघरात. त्याला स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसचे दोन नमुने सापडले, दोघंही स्ट्रेप्टोमायसिन बनवणारे. एक शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतला. दुसरा एका कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला. म्हणजे क्षयावरच्या पहिल्या परिणामकारक औषधाचा अर्धा उगम एका पक्ष्याच्या घशात आहे! पक्षिप्रेमींना हवं तर त्यांनी हा मुद्दा माझ्याविरुद्ध वापरावा. पण कोंबडीच्या घशात तो गेला कुठून? तिने उकरलेल्या मातीतूनच, असं मी तरी धरून चालते. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं. शॅट्झने त्याआधीच, १९५० साली, कोर्टात दावा लावला होता, आणि तडजोडीत त्याला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीतला तीन टक्के वाटा मिळाला. इथेही लेबलाचा प्रश्न.

हे सगळं न्यू जर्सीत घडलं, आपल्याला काय त्याचं? तर आपली गोष्ट पिंपरीत आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी मालकीचा पेनिसिलीनचा कारखाना. पुढे तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले जीवाणू चाळत होते, शॅट्झसारखेच. पिंपरीच्या मातीतून त्यांना एक स्ट्रेप्टोमायसिस मिळाला, बुरशी मारणारं नवं द्रव्य बनवणारा. द्रव्याला कंपनीच्या नावावरून हमायसिन म्हटलं गेलं आणि जीवाणूला गावाच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तान्ह्या मुलांच्या तोंडात पांढरे चट्टे येतात त्या बुरशीवर हमायसिन लावत. पिकांच्या बुरशीवरचं ऑरिओफंजिनही पिंपरीचंच. सांगोल्या-पंढरपूरकडच्या डाळिंबवाल्याला स्ट्रेप्टोमायसिस शब्द माहीत नसेल, पण तेल्या रोगावर मारायची स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी त्याला पक्की माहीत आहे. माणसाचं औषध पिकांवर फवारून जंतूंना सवय लागते म्हणून केंद्राने २०२१ च्या अखेरीस या वापराला आळा घालणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला, आणि तो मला योग्यच वाटला. पण वैद्यकाच्या कपाटापासून डाळिंबाच्या बागेपर्यंत हा जीवाणू पोचला आहे, हे त्यावरून दिसतं.

पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचं नाव शास्त्राच्या लॅटिन पोथीत जाणं ही साधी गोष्ट नाही. पिंपरीत किती जणांना हे माहीत आहे? मी तिथे राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, “एच.ए. कॉलनी ना? तिथली जागा विकायचं चाललंय.” बरोबर होतं. कंपनी तोट्यात गेली, आणि मोकळी जमीन विकून देणी फेडायची असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली घेतला. ज्या गावच्या मातीने औषध दिलं, तिथे मातीला आता चौरस फुटाचा भाव आहे.

आमच्याकडे भाव ब्रासचा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सरकारी कागदात माती आणि मुरूम यांना ‘गौण खनिज’ म्हणतात. तहसील कचेरीत रॉयल्टी भरली, पावती घेतली, की जेसीबी लावून उचलायला मोकळे. माझा खरा मुद्दा इथे आहे. खंड्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. त्याचं अंडं फोडणं, घरट्याला त्रास देणं हीसुद्धा त्या कायद्याच्या भाषेत शिकारच. आणि ते घरटं ज्या दरडीत आहे, ती दरड मात्र ब्रासमध्ये मोजायचं गौण खनिज. फार्महाऊसचे प्लॉट पाडताना, रस्त्याला भराव घालताना जून महिन्यातच ओहळाकाठच्या दरडी कापल्या जातात. पोकलेनच्या ड्रायव्हरला बोगद्याचं भोक दिसत नाही. दिसलं तरी त्याला उंदराचं बीळ वाटेल. माझ्या विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी असं एक काम थांबवण्याची खटपट केली. त्याला ऐकवण्यात आलं की पक्षी हलवा, कामाचं टेंडर हलत नाही.

कोणी म्हणेल, जीवाणूचं काय अडलंय? दरड कापली तर पक्षी घर गमावतो. स्ट्रेप्टोमायसिस डंपरमध्ये बसून भरावावर जाईल आणि तिथे सुखाने नांदेल. हे खरं आहे. त्याला वाचवा अशी हाक मी देणार नाही. तिबोटीसारखा तो दरडीच्या एका भोकावर अवलंबून नाही. त्याचे बीजाणू कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, आणि आपण सगळे गेल्यावरही तो असेल. दया दाखवायचीच असेल तर ती पक्ष्याला दाखवावी.

पण प्रत्येक ठिकाणची माती सारखी नसते, आणि तिच्यातले जीवाणूही नसतात. पिंपरीत जो सापडला तो कोणी पिंपरीची माती चाळली म्हणून सापडला. खंड्याच्या वजनाची सुपीक माती घेतली तर तिच्यात जीवाणूंची संख्या अब्जांत जाऊ शकते आणि त्यातले बहुतेक अजून कोणी प्रयोगशाळेत वाढवून पाहिलेले नाहीत. जुन्या औषधांना जंतू दाद देईनासे झाले आहेत, हे आता रक्ताचे रिपोर्ट आणणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. अशा वेळी ओहळाकाठची, शंभर वर्षांचा पालापाचोळा पोटात घेतलेली, कधी न नांगरलेली दरड ‘मोकळी जागा’ म्हणून लिहिली जाते, याचा मला राग येतो. पक्षी असेल तर ती जागा ‘अधिवास’, पक्षी उडून गेला की ती पुन्हा मुरूम. आठ महिने तिथे कोण राहतं, हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

गंमत म्हणजे कायदा आंधळा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांच्या व्याख्येत वनस्पती आणि प्राण्यांच्या बरोबरीने सूक्ष्मजीव आहेत. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या याच कायद्याखाली तयार झाल्या. आमच्या गावची झाली तेव्हा मीही समितीवर होते. पक्ष्यांची यादी उत्साहाने झाली, तिबोटी पहिल्याच पानावर. मी म्हटलं, मातीतल्या जीवाणूंसाठी एक पान ठेवू, कॉलेजातली मुलं नमुने घेऊन नावं काढतील. समोरचे साहेब सज्जन होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, “मॅडम, जे दिसत नाही त्याची नोंद करायची तर उद्या लोक भुतांचीही मागतील.” सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. पान मात्र राहिलं.

तेव्हा मागण्या तीन. पहिली, जून ते सप्टेंबर कोकणातल्या ओहळांच्या दरडी कापायला तहसीलने परवानगी देऊ नये. भराव चार महिने थांबला तर कुठलाही प्लॉट पळून जात नाही. दुसरी, ज्या तालुक्यात विज्ञानाचं कॉलेज आहे, तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना दरवर्षी गावची माती चाळायला लावावी आणि जे निघेल ते नोंदवहीत लिहावं. पुण्यात सूक्ष्मजीव जिवंत सांभाळणारे राष्ट्रीय पातळीवरचे संग्रह आहेत, त्यांच्याकडे वेगळे वाटलेले नमुने पाठवावेत. याला खर्च किती? एका लांब लेन्सच्या किमतीत आमच्या विभागाची चार वर्षांची आगर पावडर आली असती.

तिसरी मागणी ऐकून घरचेही हसतात. महाराष्ट्राला राज्यप्राणी आहे, शेकरू. राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा. फुलपाखरू ब्लू मॉर्मन. २०२० साली कांदळवनातली पांढरी चिप्पी आली आणि २०२३ साली पापलेट. देशालासुद्धा २०१२ पासून राष्ट्रीय सूक्ष्मजीव आहे, लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, दूध आंबवणाऱ्यांतला. न्यू जर्सीने २०१९ साली कायदा करून स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसला आपला राज्य सूक्ष्मजीव केलं. मग आपण स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनाला का करू नये? नावातच गाव आहे, कर्तृत्व आहे, आणि पापलेटासारखा तो महागही होत नाही.

अडचण चित्राची येईल, मला ठाऊक आहे. शेकरूच्या आणि हरियालच्या शेजारी भिंतीवर लावायचं काय, बशीतले खडूचे ठिपके? तर माझी सूचना अशी की फ्रेम करूच नये. घोषणेच्या कार्यक्रमात मंत्रिमहोदयांसमोर बशी ठेवावी आणि झाकण किंचित उचलावं. जीवाणूंच्या बशीचा वास घेणं प्रयोगशाळेच्या नियमांत बसत नाही, आम्ही मुलांना त्यासाठी रागवायचो. पण एका दिवसापुरती ती सूट द्यायला मी तयार आहे.